उंबऱ्याबाहेरचा उजवा बूट

मित्रांनो, मी एक बूट. उजवा. तपकिरी कातड्याचा आणि आता बराच म्हातारा. डावा माझ्या शेजारीच असतो, पण चारचौघांत बोलायचे म्हटले की त्याची बोबडी वळते. म्हणून दोघांच्या वतीने मीच सांगतो. मला तरी नीट जमेल की नाही, शंकाच आहे. सांगायचे आहे ते मशिदींविषयी. या मोठ्या, फार जुन्या शहरातल्या झाडून सगळ्या ऐतिहासिक मशिदींना मी जाऊन आलो आहे, पण आतून एकही पाहिलेली नाही. बूट उंबऱ्याबाहेर राहतो. तेव्हा आतले जे सांगेन ते ऐकीव समजा. बाहेरचे मात्र सगळे डोळ्यांदेखतचे आहे.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या मोच्याकडे झाला. त्याने माझ्या मालकांचा पाय कागदावर ठेवला आणि कडेने पेन्सिलीची रेघ ओढली. मालकांना सगळी आळी काका म्हणते, मीही तेच म्हणतो. काका नकाशे काढण्याच्या ऑफिसात होते. ती रेघ पाहून त्यांना राहवेना. "अहो, करंगळीपाशी रेघ हलली की," म्हणत त्यांनी खिशातले रबर काढले.

मोची म्हणाला, "साहेब, मला पायाचा बूट करायचाय, कागदाचा नाही."

पुढची बरीच वर्षे माझी ऑफिसच्या टेबलाखाली गेली. त्या काळात शहरातल्या जुन्या मशिदींचे नकाशे करायचे काम निघाले होते. मोजणीची माणसे फिती घेऊन बाहेर जात, मापे आणून देत, आणि काका त्यावरून नकाशा काढत. जागेवर जाण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. मोजणाऱ्यांनी मोजावे, काढणाऱ्यांनी काढावे, असा तिथला शिरस्ता होता.

एक दिवस टेकडीवरच्या मशिदीची मापे आली. शहरातली सगळ्यांत जुनी मशीद ती. काकांनी खांबांची रांग कागदावर मांडली, तर एक खांब रांग सोडून बाहेर आला. थोडाथोडका नव्हे, चांगला हातभर. मोठे साहेब वाकून पाहू लागले आणि हसले.

"मोजणाऱ्याला डुलकी लागली असेल. घ्या त्याला रांगेत."

"एकदा जाऊन बघून येऊ का?" काकांनी विचारले.

"एका खांबासाठी? मशीद काय पळून चाललीय?"

काकांनी खांब रांगेत घेतला. पण त्या दिवसापासून टेबलाखाली त्यांचा उजवा पाय हलायला लागला, तो काही थांबेना. त्या पायात मीच होतो, म्हणून ही गोष्ट मला ठाऊक.

काका निवृत्त झाले तेव्हा काकू म्हणाल्या, "त्या एका खांबाने इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंय. जा, आणि बघून या एकदाचे."

पण काकांची सवय अशी, की ताटातला गोड पदार्थ ते शेवटी खातात. "ती शेवटी," ते म्हणाले. "आधी बाकीच्या. ज्या ज्या काढल्या त्या सगळ्या बघणार." आणि आम्ही निघालो.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस ते. दोरांची दुकाने आणि कुलपांची दुकाने यांच्या मधोमध एक मशीद होती. तिथे जायला चार पायऱ्या उतराव्या लागत, कारण शेकडो वर्षांत रस्ता चढत गेला होता आणि मशीद आपली होती तिथेच राहिली होती. एकीच्या अंगणात मोठा हौद होता, त्याच्या काठी पाय धुणाऱ्यांचे पाणी ओघळत आमच्यापर्यंत येई आणि डावा कुरकुर करी. एकीच्या दाराचा उंबरा इतका झिजला होता की मधोमध वाटीसारखा खळगा झाला होता. किती पाय तिथून आत गेले असतील, याचा मी पुष्कळ विचार केला. बूट मात्र एकही गेला नसेल, एवढे नक्की.

बाहेरच्या फळीवर आम्ही सगळे एका रांगेत बसत असू. शेठजींची चकाकती पादत्राणे, हमालाच्या फाटक्या चपला, कुणा लहानग्याचे दिवे लागणारे बूट. आत गेलेल्यांतला कोण मोठा आणि कोण लहान, हे आम्हाला पाहून सांगता आले असते. आत मात्र सगळे अनवाणीच असत.

काकूंचे गुडघे दुखत, म्हणून त्या घरीच थांबत. काका परतले की दाराशीच त्यांना बसवून घेत. "हं, सांगा आता. पण पुस्तकातलं नको, बघितलेलं सांगा." मग काका सांगत. निळ्या फरशांवर दुपारचे ऊन पडले की भिंत ओली झाल्यासारखी दिसते. घुमटाखाली कुणी खोकले तर खोकला वर फिरून येतो. कोपऱ्यात बसून एक म्हातारा चष्मा पुसत होता, वाचत काहीच नव्हता. मी खुंटीखाली बसून ऐकत असे. माझ्या सगळ्या मशिदी मी अशा पाहिल्या, काकूंच्या बरोबरीने.

पुढे एक गोष्ट घडू लागली. तिची खबर सगळ्यांत आधी मला लागली. बुटाची टाच झिजते, ते वयाने. पण माझे नाक झिजायला लागले. काकांचा पाय पायरी आली की आधी पुढे सरकून चाचपू लागला. मोच्याने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले.

"साहेब, टाच शाबूत आणि नाक फुटलंय. पायाने बघता का काय?"

"तू शिलाई घाल," काका म्हणाले.

काकूंनाही काहीतरी खटकत होते. "हल्ली तुम्ही रंग सांगत नाही," त्या म्हणाल्या. "इतके खांब, तितक्या कमानी. हे काय, वाण्याचं सामान आहे?"

खरे असे होते, की काकांना समोरचे दिसेनासे झाले होते. मधोमध धुके आणि कडेला थोडे थोडे. पण मशिदीत ते कधी अडखळले नाहीत, कारण कुठला खांब कुठे आहे हे त्यांच्या हाताला पाठ होते. सगळे नकाशे त्यांनीच तर काढले होते. त्यांना वाटले, कुणाला कळणार नाही.

पण नकाशात खांब असतात, मित्रांनो. जोडे नसतात.

एका दुपारी काका बाहेर आले आणि त्यांनी फळीवर हात फिरवून मला उचलले. डाव्याऐवजी दुसराच कुणीतरी उचलला. काळा, रुंद तोंडाचा, तेलाचा वास येणारा. मी जीव तोडून करकरलो, पण बुटाचे कोण ऐकतो? वाटेत काका पुटपुटले, "डावा पाय सुजलेला दिसतो."

काकूंनी दार उघडले आणि खाली पाहिले.

"अहो, हा कोण पाहुणा आणलात?"

"कोण? कुठाय?" काका मागे वळून पाहू लागले.

काकूंचे हसू तिथल्या तिथे विरले. त्यांनी काकांसमोर हात धरला. "किती बोटं?"

काकांनी मान तिरकी करून कडेने पाहिले. मग म्हणाले, "तुझा हात आहे, एवढं कळतं."

लेक धावत आली. डॉक्टरांना दाखवून झाले. डोळ्यामागचा पडदा झिजतो आहे, गेलेले परत येणार नाही, राहिलेले किती दिवस राहील ते सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. लेकीने घरी येऊन मला आणि त्या काळ्याला एका पिशवीत कोंबले. "बाबा, पुरे झालं आता. रस्त्यात पडलात तर निस्तरायचं कुणी? इथे सपाता घालायच्या आणि खुर्चीत बसून रेडिओ ऐकायचा." पिशवी माळ्यावर गेली.

मी दोष देत नाही. पोर घाबरली होती. पण माळ्यावरचे ते दिवस मी कसे काढले, ते मलाच ठाऊक. अंगावर धुळीचा थर, शेजारी परका काळा, आणि खालून एकच आवाज. खुर्चीपाशी काकांचा उजवा पाय फरशीवर टक टक करत होता.

एका सकाळी शेजारच्या मास्तरांनी बातमी वाचून दाखवली. टेकडीवरची मशीद मोठ्या दुरुस्तीसाठी बंद होणार, पुन्हा केव्हा उघडेल ते निश्चित नाही.

टक टक थांबली. काका उठले. "मी जाणार."

"एकटे?" काकूंनी विचारले.

"एकटा, नाहीतर रांगत. पण जाणार. तो खांब बघायचा राहिलाय. दिसतंय तेवढ्यात बघणार, नाही दिसला तर हात लावणार."

लेकीने कपाळाला हात लावला. "आई, तू तरी सांग यांना."

काकू पदर खोचून स्टुलावर चढल्या. दुखऱ्या गुडघ्यांनिशी. पिशवी खाली आली. "सांगते ना. अहो, तुमचे डोळे गेले, माझे गुडघे गेले. उरलंसुरलं जोडून एक माणूस होतो का बघू. चला."

वाटेत आधी डाव्याचा शोध. जिथे अदलाबदल झाली त्या मशिदीच्या दारात जोडे सांभाळणारे चाचा होते. त्यांनी आम्हाला पाहताच हात जोडले. "आलात का बाबा. त्या न्हाव्याने माझं जिणं नकोसं केलंय." समोरच्या दुकानातून गलेलठ्ठ न्हावी लंगडत आला. एका पायात त्याचा काळा, दुसऱ्यात टाच मोडलेला आमचा डावा.

"बरे भेटलात," न्हावी म्हणाला. "तुमच्या बुटाने माझा अंगठा पार पिळून काढला. एवढ्याशा पायावर माणूस उभा कसा राहतो?"

"तो उभा कुठे राहतो? सारखा फिरत असतो," काकू म्हणाल्या.

डावा परत आला. मला नुसता चिकटून राहिला.

टेकडीच्या पायऱ्या उंच आणि ओबडधोबड होत्या. "पायरी. अजून एक. ही फुटकी आहे, डावीकडून या," काकू सांगत होत्या. थोड्या पायऱ्या झाल्या की त्या बसत, आणि काका त्यांच्याशेजारी उभे राहत. कुणी कुणाला घाई केली नाही.

दारात मुकादम उभा होता. टेबलावर नकाशा पसरलेला, कोपऱ्यांवर विटांचे तुकडे. "आजोबा, बंद झालं. काम सुरू आहे. आज टेकूंसाठी खड्डे घ्यायचेत."

"आम्ही एक खांब बघायला आलोय," काकू म्हणाल्या. "पाडायला नाही. खड्ड्यात पडायलाही नाही."

मुकादम हसला. "तो वाकडा का? जा. पण बूट इथे काढा."

ते आत गेले. मी आणि डावा उंबऱ्याशी. आतून फक्त काकूंचा आवाज येत होता. "हा रांगेत. हाही रांगेत. हाही. थांबा. अहो, हा नाही."

मग काहीच ऐकू आले नाही. तेवढा वेळ मला फार जड गेला.

बाहेर आल्यावर काका-काकू पायरीवर बसून बोलू लागले तेव्हा मला सगळे कळले. सतरंज्या काढल्यामुळे जमीन उघडी पडली होती. खांब जिथे रांगेत यायला हवा होता, नेमक्या त्याच जागी एका जुन्या विहिरीचे तोंड होते, दगडांनी झाकलेले. कडेच्या दगडावर दोरांचे खोल वळ पडले होते. काकांनी ते वळ बोटांनी चाचपले होते. मशीद बांधणाऱ्यांनी विहीर बुजवली नव्हती. लोक पाणी भरत असतील, म्हणून त्यांनी आपला खांबच हातभर बाजूला उभा केला होता.

"मोजणाऱ्याला डुलकी लागली नव्हती," काका म्हणाले. एवढेच. मग एकदम उठून टेबलापाशी गेले. "खड्डे कुठे घेणार?"

"कागदाप्रमाणे," मुकादम म्हणाला. "तो खांब वाकडा आहे हे आम्हालाही दिसतं हो. पण कागदावर सरळ आहे. ऑफिस म्हणालं, कागद सांगेल तसं करा."

"मग तो खड्डा विहिरीच्या तोंडावर येतो. सगळं आत जाईल. कागद चुकलाय."

"हे तुम्ही कोण सांगणार?"

"हा कागद मी काढलाय."

मुकादमाने एकदा कोपऱ्यातल्या जुन्या सहीकडे पाहिले, एकदा काकांकडे. काकांनी पेन्सिल मागितली.

"आजोबा, तुम्हाला दिसतंय का?"

"नाही," काका म्हणाले. "हिला दिसतं."

काकूंनी त्यांचे मनगट धरून पेन्सिलीचे टोक त्या खांबावर ठेवले. काकांनी त्याच्यावर फुली मारली, हातभराचे माप बोटांनी कागदावर मोजून घेतले आणि नवा खांब काढला. रेघ थोडी हलली. त्यांनी रबर मागितले नाही.

मुकादम काही क्षण डोके खाजवत राहिला. मग त्याने आत हाक मारली, "ए, तो खड्डा सोडा रे. मी ऑफिसात विचारून येतो."

मित्रांनो, माझी गोष्ट संपत आली. शेवटी काहीतरी शिकवण सांगायची असते म्हणे. मला फारसे येत नाही, पण दोन विनंत्या करतो. जुन्या जागी गेलात की रांग सोडून उभ्या असलेल्या दगडाला हसू नका, आधी वाकून त्याच्या पायाशी काय आहे ते पाहा. आणि तुमच्या घरात कुणी पायाने रस्ता चाचपू लागले असेल, तर त्यांचे बूट माळ्यावर टाकू नका. त्यांच्याबरोबर चालायला जा.

आज सकाळी काकूंनी आम्हाला दाराशी घेतले, फडके मारले, पॉलिश लावले. माझ्या फुटक्या नाकावर जरा जास्तच घासले.

"आता कुठे?" काकांनी विचारले. "सगळ्या झाल्या."

"तुमच्या झाल्या. माझी एकच झालीय," काकू म्हणाल्या. "पहिलीपासून सुरू करू. इतकी वर्षं तुम्ही सांगितलंत, आता मी सांगते. पाय पुढे करा."