आमच्या घरचा तानाजी

नाटकाचं नाव काढलं का माह्या अंगाचा भडका उडते. उडू द्या. मी रुखमा, कोनाच्या बापाले भेत नाई.

आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं का गावोगाव बैलाईच्या शर्यतीचा पट भरते, आन पट भरला का रातभर नाटक होते. गडी गावातलेच, पन बाया वडश्याच्या कंपनीतून आनाव्या लागतेत. माहा मानूस, नंदिनीचा बाप, दरसाली त्या नाटकात भाला धरून उभा राहे. आमी बौद्ध मोहल्ल्यातले, आमाले भाल्याच्या म्होरं कोन सरकू देते? पन शहान्नव साली तानाजी करनारा पोट्टा माजरीच्या खाणीत नोकरीले लागला, आन मंडळाचे अध्यक्ष हरिदासभाऊ म्हनले, "श्रावण, तूच कर. तुहा आवाज मोठा आहे."

बाप्पा, मंग काय विचारता! मानूस ढोराईले चारा टाकतानीबी भाषन करे. नंदिनी, आमची एकुलती एक पोट्टी, नऊ वर्साची. बाप चुकला का तीच त्याले म्होरचं सांगे. मलेबी बरं वाटे, खोटं काऊन बोलू? मोहल्ल्यातले बुढे म्हनत, आपला मानूस पयल्यांदा महाराजाचा सुभेदार झाला.

पटाच्या आदल्या दिसी नंदिनीले हिवताप भरला. नाटकाच्या दिसी दुपारी ती बरळाले लागली, मले वळखेना. डॉक्टर तिकडं मूल गावाले. बस सकाळीच निघून गेली होती. गावात जीप एकच, हरिदासभाऊची, आन ती वडश्याले बाया आनाले निघाली होती. मूल एकीकडं, वडसा दुसरीकडं.

मी पोट्टीले खांद्यावर टाकून मांडवात गेली. हरिदासभाऊ तसा सिदा मानूस. पन त्यानं नंदिनीच्या बापालेच विचारलं, "श्रावण, तूच सांग. जीप मूलले पाठवू का वडश्याले? बाया नाई आल्या त नाटक नाई."

सारा गाव पाहून राह्यला होता. मागून कोनीतरी हासत वरडलं, "आधी लगीन कोंढाण्याचं!" आन माह्या मानसानं छाती फुगवली, त्याच मोठ्या आवाजात म्हनलं, "आधी लगीन कोंढाण्याचं, मग माझ्या रायबाचं!"

टाळ्या पडल्या. माही पोट्टी तापानं फनफनून राह्यली होती, आन लोकं टाळ्या वाजवून राह्यले होते! मी म्हनलं, "जळो तुमचा कोंढाना, पोट्टी मरून राह्यली." तो जवळ येऊन हळूच म्हने, "जीप गेली का वापसच येते, रुखमा. आज नाटक माह्यापायी बुडालं, त आपल्यातल्या कोनाले हे लोकं पुन्हा तानाजी देतीन का?" नाकापेक्षा मोती जड झाला होता.

जीप आली तवा अंधार पडून गेला होता. मूलच्या अलीकडं, धानगिरनीचे दिवे दिसाले लागले, आन नंदिनीनं माह्या मांडीवर मान टाकली.

उजाडता वापस आलो त नाटक नुकतंच संपलं होतं. लोकाईनं तानाजीले खांद्यावर घेतलं होतं, सारं अंग लाल रंगानं भरलेलं. जीपमधी लुगड्यात गुंडाळलेलं पाहून तो खाली उतराले तडफडला, पन लोकं सोडेचना. त्याईले वाटलं, लाजून राह्यला.

आता सारे कवतिकानं सांगतेत, श्रावणनं खरा तानाजी करून दाखवला. मेल्याहो, रायबाचं लगीन मंग महाराजानं लावून देल्लं म्हन्ता ना? माह्या नंदिनीचं कोन लावनार?

दुसऱ्या वर्सी मंडळवाले पुन्हा दारात उभे. तेच नाटक, तोच तानाजी. मी मुसळ घेऊनच उठली. पन मी तोंड उघडाच्या आधी नंदिनीचा बाप म्हने, "करतो."

"लाज नाई वाटत तुमाले?" मी वरडली.

सालभर तो माह्यासंग धड बोलला नव्हता. भिताडाकडं पाहत म्हने, "घरी बसून काय करू, रुखमा? तिथी मले मरता तरी येते."

मी दारातून बाजूले झाली.