आधी दिवा, मग माणूस

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं म्हणणाऱ्याने मोनालीला पाहिलं नसावं. तिला दोन्हीची हौस. लग्न होऊन विचुंब्याला आली तेव्हापासून सासऱ्यांच्या जुन्या घराकडे ती मापाला उभ्या केलेल्या गिऱ्हाइकाकडे शिंपी बघतो तशी बघत होती. जुनं पाडून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा एका रविवारी तिने चुन्याची फक्की टाकून अंगणात सगळं आखूनच दाखवलं. छपरावर सौर पॅनेल. छपरावर पडलेला पाऊस पन्हळीतून अंगणाखालच्या टाकीत. टाकीतलं पाणी मागच्या ग्रीनहाऊसला, आणि ग्रीनहाऊसमधली ढोबळी मिरची पनवेलच्या बाजाराला.

साल दोन हजार बारा. गावात तेव्हा लोडशेडिंगचा कहर होता. उन्हाळ्यात टँकर आला की एरवी एकमेकींना वाटीभर साखर देणाऱ्या बायका हंड्यांनी एकमेकींना ढकलत. मोनाली समुद्रकाठच्या करंज्याची. तिच्या माहेरी बोंबील वाळवायला कुणाच्या पाया पडावं लागत नसे. "उन्हाचं बिल येत नाही, आणि पाऊस काही टँकरवाल्याच्या बापाचा नाही," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. तिचं खरंच होतं. तिचं बहुतेक वेळा खरंच असायचं, आणि त्यामुळे घरात तिला कुणी दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

तिचा नवरा प्रणित उरणच्या बंदरात क्रेनवर होता. जहाजावरचा अजस्र कंटेनर अलगद उचलून ट्रकवर ठेवणारा हा माणूस बायकोपुढे मात्र मान डोलवायचा. त्याला तिचं कौतुक होतं, आणि तिच्याकडे बघताना ते लपायचं नाही. ती आखत होती, तो फक्कीची पिशवी धरून मागे मागे फिरत होता.

सासरे, बळीराम, काठी टेकत अंगणात आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यातल्या एकाचं ऑपरेशन बिघडलेलं. उजेड आणि अंधार एवढंच त्यांना कळायचं. काठीने जमीन चाचपत ते अंगणाच्या मधोमध थांबले.

"हिथं काय?"

"टाकी, बाबा. जमिनीखाली."

"किती खोल?"

"दोन पुरुष तरी. वरून स्लॅब, आणि एक झाकण. म्हणजे मच्छर नाही, कचरा नाही."

"समदी बंद?"

"समदी बंद," प्रणित हसत म्हणाला.

म्हातारा हसला नाही. तिथेच उकिडवा बसला आणि मोनालीने आजवर दहादा ऐकलेली गोष्ट अकराव्यांदा सांगू लागला.

"गणू माजा धाकटा भाव. वाडीतली इहीर लय दिस झाकून ठेवलेली, तिचा गाळ काढाया उतरला. हाक मारली तर ओ नाय. आमचा बा, बुधाजी, त्याला आनाया उतरला. तो पन नाय आला. मी वरती, दोराला हात लावून उभा. लोकं बोलली, आसरेनं घेतलं दोगांना. तवापासून आमच्या घरात नेम हाय. आदी दिवा सोडायचा, मंग मानूस. दिवा इजला तर समजायचं आसरा जागी हाय. गपचूप माघारी फिरायचं."

आसरा म्हणजे पाण्यातली बाई, माणूस मागणारी. मोनाली पनवेलच्या कॉलेजात शिकली होती आणि आसरा, भुतं, मुंजे हे सगळं तिने केव्हाच निकालात काढलं होतं. पण म्हाताऱ्याचा आवाज गणूपाशी येऊन नेहमी जसा घोगरा व्हायचा तसा झाला, आणि तिला वाईट वाटलं.

"सोडू हो बाबा. दिवा सोडल्याशिवाय कुणी उतरणार नाही," ती म्हणाली. पोराला खाऊ कबूल करावा तसं तिने ते कबूल केलं.

घर उभं राहिलं आणि टाकीचा स्लॅब मे महिन्यात ओतला गेला. तो वाळतो न वाळतो तोच ठेकेदाराची माणसं भातलावणीला गावी पळाली, आणि आतल्या फळ्या, टेकू, बांबू सगळं आतच राहिलं. ठेकेदाराने चार दिवसांत काढतो म्हणून सांगितलं आणि मग फोन उचलणंच सोडलं. उघडं तोंड ठेवून कुणाचं पोर पडायला नको, म्हणून प्रणितने लोखंडी झाकण बसवलं. पाऊस आला, पन्हळी वाहिल्या, टाकी तुडुंब भरली. मोनालीने त्या दिवशी अख्ख्या आळीत पेढे वाटले.

दिवाळीपर्यंत पॅनेलही बसली. त्यांच्याबरोबर हातात धरायचे दोन सोलरचे कंदील आले, दुधासारख्या पांढऱ्या उजेडाचे. मग काय, मोनालीने स्टो काढला, रॉकेलचा डबा काढला, आणि बळीरामांचा जुना काचेचा कंदीलही भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवला. घरात आता रॉकेलचा थेंब नाही, हे ती अभिमानाने सांगायची. म्हातारा अधूनमधून विचारायचा, "माजा कंदील कुठं हाय गं?" ती म्हणायची, "ठेवलाय, बाबा." एवढ्याशा खोट्याने कुणाचं काय जातं, असं तिला वाटलं.

थंडीभर ग्रीनहाऊस बहरलं. प्लास्टिकच्या कागदाखाली मिरच्या अशा लटकल्या की बघणाऱ्याची दृष्ट लागावी. पण माघ सरता सरता पाण्याचा रंग बदलला. आधी चहाच्या चोथ्यासारखा, मग काळपट. ठिबकच्या नळ्यांची तोंडं बुळबुळीत काळ्या घाणीने भरू लागली, पानं खालून पिवळी पडली. पंप सुरू केला की मागच्या दाराशी वास सुटायचा. ओहोटीला उघड्या पडलेल्या खाडीच्या चिखलाला येतो तसा. दुसऱ्या गावच्या माणसाने नाकाला रुमाल लावला असता. ह्यांची सगळ्यांची नाकं त्या वासात वाढलेली. प्रणित तर म्हणाला, "आपल्या आजोबांच्या मिठागराचा वास हाय हा."

"फळ्या कुजल्यात आत," मोनाली म्हणाली. "त्या काढायला हव्यात. माणसं बोलवू या."

"मानसं कशाला? पानी घोट्याएवढं उरलंय. शिमगा आलाय, गावाच्या होळीला लाकडं पायजेतच. मीच काढतो सुट्टीला."

तिला ते पटलं. फळ्या निघतील, होळीला लाकडं होतील, टाकी धुऊन निघेल. एका दगडात तीन पक्षी. तिच्या मनात कुठेतरी काहीतरी कुरकुरलं, पण ते काय हे तिला सांगता आलं नसतं, आणि सांगता न येणारी गोष्ट ती जमेस धरत नसे.

सुट्टीच्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर प्रणितने पहारीने झाकण उचललं. मोनाली पदर खोचून, खराटा हातात घेऊन तयार होती, कारण कुठल्याही टाकीचं झाकण उघडलं की झुरळांची फौज बाहेर पडते. एकही झुरळ निघालं नाही. कोळ्याचं जाळंसुद्धा नव्हतं.

"बघा, किती स्वच्छ आहे," ती म्हणाली, आणि खराटा भिंतीला टेकवला.

बळीराम खुर्ची सरकवत टाकीच्या तोंडाशी येऊन बसले होते.

"दिवा?" त्यांनी विचारलं.

"आणते, बाबा." कबूल केलेलं ती मोडणार नव्हती. तिने आतून सोलरचा कंदील आणला आणि त्याच्या कडीला दोर बांधला. प्रणितने डोळा मारला. तिच्या कानाशी येऊन तो हळूच म्हणाला, "ह्यो दिवा तर आसरेच्या बापाला पन इजनार नाय." मोनालीला हसू आवरेना. तिने ओठ दाबून दोर सोडला. पांढरा उजेड भिंतींवरून खाली खाली गेला आणि काळ्या पाण्याच्या वर, एका आडव्या फळीवर जाऊन बसला. सगळा तळ स्पष्ट दिसू लागला.

"इजला का?" बळीरामांनी विचारलं.

"नाही, बाबा. लख्ख आहे."

"थांबा वाईच."

ते थांबले. अंगणात ऊन पसरलं होतं. नव्या इमारतींच्या पलीकडे कर्नाळ्याचा सुळका धुरकट दिसत होता.

"अजून?"

"अजून तसाच आहे."

"मंग उतर. कंबरंला दोर बांद."

"दिवा लागलाय ना, बाबा," प्रणित म्हणाला. "तुमचाच नेम हाय. मंग दोर कशाला?"

त्यांचाच नेम त्यांना ऐकवला होता. म्हाताऱ्याने काठी मांडीवर आडवी घेतली. प्रणित शिडीवरून खाली गेला. पाण्यात पाय पडल्याचा आवाज आला, मग फळी उपटल्याचा. तळाचा चिखल ढवळला गेला आणि खाडीचा वास भप्पकन वर आला.

"मोना," खालून प्रणित म्हणाला, "हितं जरा..."

आणि तो बसला. शेतात काम करून दमलेला माणूस बांधावर टेकतो, तसा.

"अहो, एका फळीत दमलात?" मोनाली हसून म्हणाली.

तिच्या मागे म्हातारा नाक वर करून हवा हुंगत होता. "मोनाली. कंदील एवढा पेटलाय, तर राकेलचा वास कसा नाय येत?"

"सोलरचा आहे, बाबा."

"म्हंजे? त्याच्यात आग नाय?"

"नाही," ती म्हणाली. तो शब्द तोंडातून बाहेर पडताना तिने खाली पाहिलं. प्रणितचं कपाळ गुडघ्यांवर टेकलं, आणि मग तो कुशीवर, सावकाश, पाण्यात कलंडला. त्याच्या पाठीवर कंदिलाचा स्वच्छ पांढरा उजेड पडला होता. आग नाही तर विझणार काय, हे तिला तेव्हा, त्या क्षणी कळलं. म्हाताऱ्याच्या नेमात दिवा तळ दाखवायला नव्हता. तो माणसाच्या आधी मरायला होता.

"प्रणित!" सासऱ्यांसमोर तिने आजवर नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. शिडीवर तिचा एक पाय पडला, दुसरा उचलला, आणि मागून कुणीतरी तिची वेणी धरून तिला मागे खेचलं. बळीरामांची खुर्ची उलटली होती. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी तिला कव घातली आणि तिच्यासकट जमिनीवर अंग टाकलं.

"सोडा! सोडा मला, तो खाली आहे!"

"नाय. बा असाच उतरला."

"तुमचा मुलगा आहे तो!"

"माजाच हाय," ते म्हणाले, आणि त्यांनी मिठी आणखी आवळली. तिने त्यांना बोचकारलं, त्यांच्या मनगटाला कडकडून चावली, तोंडात रक्ताची चव आली. ते सोडेनात. टाकीच्या तोंडाकडे मान वळवून मुलाच्या नावाने हंबरडा फोडत होते, आणि सोडत नव्हते. ह्या माणसाचा तिला इतका राग आला की तेवढा तिला जन्मात कुणाचा आला नसेल.

शेजारचा धर्मराज धावत आला. "कोन उतरू नका!" म्हातारा त्याच्यावर ओरडला. धर्मराजने पनवेलला फोन लावला, पाण्याच्या बादल्या आत ओतल्या, कुणी सांगितलं म्हणून गोधडीने वारा घातला. अग्निशमनवाले तोंडाला मुखवटे लावून उतरले आणि त्यांनी प्रणितला वर आणलं. फार उशीर झाला होता. सगळ्यात शेवटी त्यांच्यातल्या एकाने कंदील वर आणून मोनालीच्या हातात दिला. तो चालूच होता. तिला तो बंद कसा करायचा ते आठवेना.

त्यांनी झाकण पुन्हा बसवलं आणि जाताना, आतल्या हवेत प्राणवायू उरलेला नाही, कुणीही उघडू नका म्हणून बजावलं. फळ्या आतच राहिल्या. त्या वर्षी विचुंब्यात होळी पेटली, पण ढोल वाजला नाही.

प्रणित जिथे निजवला होता तिथे रिवाजाप्रमाणे तेलाचा दिवा ठेवला होता. तो दिवसकार्य होईपर्यंत विझू द्यायचा नसतो, म्हणून बळीराम त्याच्यापाशी बसून असत, हाताने ऊब चाचपत. सून आणि सासरा एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायला लागले असते तर "लख्ख आहे" कोण म्हणालं आणि "मंग उतर" कोण म्हणालं, तिथेच आले असते. तिच्या दातांची खूण त्यांच्या मनगटावर काळीनिळी झाली होती.

दिवसकार्य आटोपून पाहुणे गेले त्या दुपारी मोनालीने त्या दिव्यावर दुसरी पणती लावली. ती एका पत्र्याच्या डब्यात ठेवली, डब्याला दोर बांधला, आणि अंगणात जाऊन पहारीने झाकण सरकवलं. मागे काठीचा आवाज आला. बळीराम येऊन उभे राहिले. त्यांना तेलाचा वास आला असणार, कारण त्यांनी काही विचारलं नाही. फक्त खाली बसले आणि दोराचं टोक हातात घेतलं.

तिने डबा सोडला. ज्योत थोडी खाली गेली, आणखी थोडी, आणि मग ना फडफडली ना धूर सोडला. नुसती नाहीशी झाली.

"इजला का?" बळीरामांनी विचारलं.

"इजला, बाबा."

तिने डबा वर घेतला, पणती पुन्हा लावली आणि पुन्हा खाली सोडली. ऊन उतरेपर्यंत ती तेच करत राहिली. प्रत्येक वेळी म्हातारा विचारायचा, आणि प्रत्येक वेळी ती खरं सांगायची.