केंद्रकाबाहेरचा तपकिरी रंग

विभागात त्या दोघींना सगळे ‘दुक्कल’ म्हणत. दोघी गाठींचे तुकडे तपासणाऱ्या डॉक्टर, आणि त्यांचा मायक्रोस्कोप दोघींना समोरासमोर बसून एकच स्लाइड पाहता येईल असा. शंकेची स्लाइड दोघींनी पाहिल्याशिवाय रिपोर्टवर सही करायची नाही, हा त्यांनीच घातलेला दंडक. इतकी वर्षं अशी गेली की आता त्यांचं भांडणसुद्धा भिंगावरून डोळा न काढता चालायचं.

भांडण बहुधा एकाच गोष्टीवरून. पेशीत एक प्रोटीन असतं, राखणदाराच्या कामाचं. त्याची जागा केंद्रकात. तिथं बसून ते पेशीला वेडंवाकडं वाढू देत नाही. कॅन्सरच्या बऱ्याच गाठींतून ते नाहीसंच होतं. पण धाकटीचं (घरी तिला धाकटी म्हणत, आपणही म्हणू) म्हणणं असं की काही गाठींत ते असतं, चांगलं भरपूर असतं, फक्त केंद्रकाबाहेर पडून राहिलेलं. अशा गाठी पुढे हाडात, यकृतात पसरलेल्या तिने पाहिल्या होत्या. तेव्हा प्रोटीन आहे की नाही एवढंच नको, कुठे आहे तेही लिहा, हा तिचा घोशा. मैत्रीण हसायची. तुला डॉक्टर कोणी केलं, म्हणायची, तू पोस्टात शोभली असतीस, सगळ्यांचे पत्ते विचारत.

मैत्रिणीला मात्र घाई होती. प्रोटीन सापडलं तर रुग्णाला केमो नको, असा सोपा नियम तिने इस्पितळाकडून मंजूर करून घेतला होता, आणि त्याच्या बळावर विभागप्रमुखाची खुर्ची तिच्याकडे यायची होती. धाकटीने कुरकुर केली तेव्हा ती म्हणाली, अगं, बाहेर पडलेलं दिसलं तर मी वेगळं कळवीनच की. धाकटीने विषय तिथेच सोडला. मैत्रिणीवर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर ठेवायचा?

आणि नेमकी तेव्हाच धाकटीच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या स्तनात गाठ निघाली.

घरच्या माणसाची स्लाइड आपण पाहायची नाही, हा इस्पितळाचा नियम. धाकटीने तो अगदी शहाण्या मुलीसारखा पाळला आणि दाराबाहेर बोटं मोडत उभी राहिली. मैत्रिणीने स्लाइड एकटीने पाहिली, बाहेर येऊन तिला मिठी मारली आणि म्हणाली, “आहे. भरपूर आहे.” धाकटीला रडूच कोसळलं.

घरी ताईने एकच विचारलं. “तू स्वतः पाहिलीस ना?”

आता नियम समजावत बसलं तर ताई नाही नाही त्या शंका काढणार. धाकटी म्हणाली, “पाहिली.” झालं. ताईने केमोचा विषयच मिटवला आणि आपले लांब केस वाचले म्हणून चार दिवस आरशापुढून हलली नाही.

वर्षही पुरतं सरलं नव्हतं, तर ताईचा खुबा दुखायला लागला. आधी वाटलं, पाय मुरगळला असेल. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, कॅन्सर हाडात उतरला होता.

धाकटीने नियम गुंडाळून ठेवला आणि जुनी स्लाइड काढून भिंगाखाली घातली. निळी केंद्रकं रिकामी होती. तपकिरी रंग, म्हणजेच ते प्रोटीन, त्यांच्याभोवती दाट पसरलेला. नवशिक्याच्याही नजरेतून सुटला नसता. तेवढ्यात मैत्रीण आली, समोर आपल्या नेहमीच्या जागी बसली आणि तिनेही भिंगाला डोळा लावला. काय पाहायचंय हे विचारायची तिला गरज पडली नाही.

“मी खोटं काय बोलले?” ती म्हणाली. “आहे म्हणाले. कुठे आहे, ते तू विचारलंच नाहीस.”

“ताईसाठी? तुला मी विचारायला हवं होतं?”

मैत्रिणीने मग बाजू मांडली. तेव्हा केमोच्या नियमाची शाई वाळली नव्हती. पहिल्याच दिवसांत अपवाद काढला असता तर सगळंच बारगळलं असतं. शिवाय तुझं म्हणणं सिद्ध कुठे झालं होतं? हे सगळं भिंगावरून डोळा न काढता. धाकटीच्या अंगाची लाही लाही झाली. ताईच्या वाढदिवसाला हीच घरी आली होती, ताईला चिकटून फोटो काढून गेली होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. तिने मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला, स्लाइड उचलली आणि तडक इस्पितळाच्या प्रमुखांपुढे नेऊन ठेवली. केमोचा तो नियम त्याच दिवशी थांबला. बाकीच्या स्लाइड पुन्हा तपासायला निघाल्या. ताईचं गेलेलं वर्ष मात्र कोणी परत देणार नव्हतं.

संध्याकाळी तिने ताईला सगळं सांगितलं, अगदी आपण स्लाइड पाहिलीच नव्हती इथपर्यंत. दोघी मिळून त्या बयेचा उद्धार करू, अशी तिची कल्पना. ताई उशीवर पाय टाकून शांतपणे ऐकत होती.

“तिचं सोड,” ताई म्हणाली. “ती परकी. तू पाहिली म्हणालीस, म्हणून मी केमो नको म्हटलं.”

घरच्या माणसाची स्लाइड पाहायची नसते, हे कारण धाकटीने पुढे केलं.

“मग तसं सांगायचंस. मी बाहेर दुसऱ्या कोणाला तरी दाखवली असती.”

ताईचा आवाज चढला नाही. चढला असता तर धाकटीला बरं वाटलं असतं.

केमो सुरू झाली आणि ताईचे केस गेले. धाकटी तिच्याकडेच राहायला आली. औषधं, पथ्य, डॉक्टरांशी बोलणं, सगळं तीच बघायची. ताईही पूर्वीसारखी बोलायची, एखादी थट्टासुद्धा करायची. धाकटीला वाटू लागलं, निवळलं असावं.

एका दुपारी ताईने पडल्या पडल्या विचारलं, “गॅस बंद केलास?”

“केला.”

ताई उठली. भिंतीला धरून, दुखरा पाय ओढत स्वयंपाकघरात गेली, शेगडीचं बटण हाताने चाचपून पाहिलं, आणि परत येऊन पडली.