कॉनचा शंभरावा गोल

माझा मेहुणा कॉन गेगन अकरा वर्षं आमच्या रिचमंडच्या क्लबाकडून फुटबॉल खेळला, चेंडू हातानं झेलायचा तो आमच्याकडचा फुटबॉल. खेळला कमी, भांडला जास्त. आठवडाभर कत्तलखान्यात मेंढ्या सोलायच्या आणि शनिवारी माणसं, हा त्याचा क्रम.

पण चेंडू हवेत झेलला, की निवांत किक मारायला मिळते, आणि मग पठ्ठ्या एकदम साधू व्हायचा. टाचेनं माती उकरायची, तिचा उंचवटा रचायचा, त्यावर चेंडू उभा करायचा, चिमूटभर गवत उडवून वारा बघायचा. तोवर प्रेक्षकांचा एक पाइप ओढून व्हायचा.

त्या शनिवारी त्याचा शेवटचा सामना होता आणि अकरा वर्षांत गोल झाले होते नव्याण्णव. गुडघे गेलेले, पुढच्या मोसमात त्याला कुणी उभं करणार नव्हतं. प्रत्येक क्लबानं आपला एक गोलपंच द्यायचा असतो; त्यानं खांबांमागे उभं राहून गोल झाला तर दोन झेंडे हलवायचे, हुकला तर एक. आमच्याकडे त्या दिवशी शुद्धीवर मी एकटाच होतो, म्हणून मी.

सामना आम्ही केव्हाच हरलो होतो. सामना संपल्याची घंटा व्हायला आणि कॉननं चेंडू झेलायला एकच गाठ पडली. झेल आधीचा, म्हणून किक त्याचीच. लोक मैदानात घुसले. माझ्या मागे बायको ओनोरा येऊन उभी राहिली, हातात छत्री.

"अहो, माझ्या भावाला दोन झेंडे दाखवा. एक दाखवलात, तर रात्री जेवायला त्या झेंड्यालाच मागा!"

माती, उंचवटा, गवत, सगळं झालं. कॉननं मारला. चेंडू आला आणि 'टक्' करून खांबाला चाटून आत गेला. आमच्या खेळात खांबाला लागला, की गोल नाही. टक् ऐकू आलं ते मला एकट्याला; मागे ओनोरा आधीच 'गोल, गोल' ओरडत होती.

मी एकच झेंडा हलवला.

छत्री मोडली. तीन आठवडे मी थंड बटाटे खाल्ले. कॉन मात्र रोज संध्याकाळी पबमध्ये बसून रडायचा, "सख्ख्या दाजीनं गळा कापला हो!" आणि अख्खं रिचमंड मला शिव्या घालायचं. मला त्या शिव्यांचं काही नव्हतं, पण त्याचं रडणं बघवेना. वर्षभरानं मी पबमध्ये गेलो.

"कॉन, आज सगळ्यांसमोर सांगून टाकतो, माझी चूक झाली. तो गोल होता."

त्यानं मला दंडाला धरून बिअरच्या पिंपाआड ओढलं.

"खबरदार, दाजी! शंभर गोलवाले या गावात तिघं आहेत. कुत्रं विचारत नाही त्यांना. नव्याण्णववर लुबाडलेला मी एकटाच. आणि चेंडू खांबाला चाटलेला मलाही दिसला होता."

मग डोळे पुसत तो पिंपाआडून सगळ्यांसमोर गेला आणि ओरडला, "बघा रे, आला तो कसाई!"