साळिंदरावरची घोंगडी

मी एक जुनी लोकरी घोंगडी आहे. मित्रांनो, अमेरिकेतल्या आम्हा लाकोटा आदिवासी लोकांत मानाच्या माणसाच्या खांद्यावर घोंगडी पांघरतात. पाइन रिज या आमच्या वस्तीतल्या दुकानातून मला घेतलं, तेव्हा मीही तीच आस धरून होते. माझ्या वाट्याला आलं साळिंदर!

एमलीन आणि आर्डिस या दोघी बहिणी मला गाडीत टाकून झाडीत जायच्या. साळिंदर दिसलं की एमलीन त्याची वाट अडवायची आणि आर्डिस मला त्याच्यावर फेकायची. ते रागानं फुगायचं, त्याचे काटे माझ्यात रुतायचे, मग ते आपलं डुलत डुलत निघून जायचं. एमलीन काटे वेचून रंगवायची. आर्डिस ते तोंडात भिजवून, दातांनी चपटे करून कातड्यावर गुंफायची. तिच्या हातून घोडे उतरायचे, तारे उतरायचे. माझी चाळण झाली, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

पुढे आर्डिसचं नाव झालं. शहरांत तिची प्रदर्शनं भरू लागली, फोटो छापून आले. एमलीनचं नाव कुठेच नसे. ती हसून म्हणायची की हात चार असले तरी चित्रकार एकच असतो.

एमलीनची मुलगी चांते शाळा पूर्ण करणार होती. "समारंभात हिच्या केसांत मी काट्यांनी गुंफलेलं चक्र बांधीन," असा शब्द आर्डिसनं सगळ्या नातलगांसमोर दिला. आमच्याकडे आईची बहीणही आईच. शब्द दिला त्याच दिवशी ते चक्र चांतेचं झालं होतं. त्याचे काटे माझ्याच अंगातून निघाले होते.

समारंभाला ढोल वाजला. चांते वेणी पुढे घेऊन उभी राहिली. आर्डिस मात्र रिकाम्या हातानं आली होती. चक्र तिनं प्रदर्शनात मांडलं होतं आणि ते तिथेच विकलं गेलं होतं. ती घाईनं गाडीकडे गेली, मला झटकलं आणि आणून चांतेच्या खांद्यावर पांघरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जन्मभर ज्याची वाट पाहिली, ते मला असं मिळालं. मी फसवली गेले, आणि फसवणुकीला हातभारही माझाच लागला. माझ्यात राहून गेलेला एक काटा पोरीच्या मानेला टोचला. ती हललीसुद्धा नाही.

"दुसरं करून देईन गं, ताई," आर्डिस हळूच म्हणाली.

"कर की," एमलीन म्हणाली. "काटे तेवढे तूच वेच."

चांतेनं माझी नीट घडी केली आणि मला आर्डिसच्या हातात परत दिलं. आमच्यात दिलेला मान कुणी परत करत नाही.

आता मी गाडीच्या मागच्या सीटवर पडून असते. आर्डिस अजून झाडीत जाते. पण पलीकडून साळिंदर अडवायला कुणी नसतं, आणि ते निसटून जातं.

मित्रांनो, आम्हा घोंगड्यांना खुशाल काट्यांवर फेका. फक्त मोडलेला शब्द झाकायला आमची घडी उलगडू नका.