थोर संशोधकाच्या गळ्यात चकती

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला सभागृहात मुंगीला शिरायला वाव नव्हता. खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या, आता माणसं पायऱ्यांवर आणि खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसली होती. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट. मंचावर राखाडी कोटातला एक हसतमुख माणूस फिरत होता. जटा नाहीत, दाढी नाही, कानाशी चिमुकला माइक. लोक त्याला लहरीबाबा म्हणत.

"तुमच्या शरीरातला प्रत्येक कण थरथरतो आहे, मित्रांनो! पण बेसूर थरथरतो आहे! ही लहरचकती त्याला सुरात आणते. अणूला आठवण करून देते, की बाबा रे, तू विश्वाचा आहेस!"

"वा!" कुणीतरी म्हणालं. अणूला कसली आठवण राहते, हे कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या रांगेत डॉक्टर बसले होते. वय अडुसष्ट, पेशा संशोधनाचा. कंबरदुखीच्या एका महागड्या इंजेक्शनात आणि नुसत्या मिठाच्या पाण्यात काडीचाही फरक नाही, हे त्यांनी नऊशे रुग्णांवर सहा वर्षं खपून सिद्ध केलं होतं. ते इंजेक्शन त्यानंतर बंद पडलं. पुढे त्यांनी अशीच आणखी चार औषधं निकालात काढली, पाठ्यपुस्तक लिहिलं, आणि गेल्याच आठवड्यात त्यांना जीवनगौरव पुरस्कार मिळाला होता. आज ते लहरीबाबाचं पितळ उघडं पाडायला आले होते. लेखाचा मथळासुद्धा त्यांनी येताना गाडीत ठरवून टाकला होता.

बाबाने त्यांना ओळखलं. "अरे, साक्षात विज्ञान आपल्या भेटीला आलंय! या डॉक्टरसाहेब, वर या!"

टाळ्या पडल्या. डॉक्टर रुबाबात मंचावर गेले.

"एका पायावर उभे राहा. दोन्ही हात बाजूला पसरा. मी हात दाबतो, तुम्ही पडायचं नाही." बाबाने डॉक्टरांच्या उजव्या हाताचा पंजा किंचित खाली दाबला आणि डॉक्टर उजवीकडे असे कोलमडले की दोघांनी धावत येऊन त्यांना सावरलं. सभागृहात हशा झाला. मग बाबाने रुपयाएवढी चमकती चकती त्यांच्या गळ्यात घातली. "आता बघा." डॉक्टर पुन्हा एका पायावर उभे राहिले. बाबाने दाबलं, आणखी जोरात दाबलं, अगदी दात-ओठ खाऊन दाबलं. डॉक्टर खांबासारखे उभे!

टाळ्यांनी छत दणाणलं आणि डॉक्टरांच्या डोक्यातला मथळा पुसला गेला. खरं तर तिथेच त्यांनी थांबायला हवं होतं. पण त्यांच्या मनात विचार आला तो असा: 'मी एवढा संशयी माणूस. मला कोण फसवणार? मलाच जर फरक जाणवला, तर फरक असलाच पाहिजे.' पस्तीस वर्षांचं संशोधन एका पायावर उभं राहून वाहून गेलं ते असं.

"काय वाटलं, डॉक्टरसाहेब?" बाबाने मंचावरचा दुसरा माइक पुढे केला.

"यात काहीतरी आहे," डॉक्टर म्हणाले.

तीन शब्द, पण त्यांनी दोन दिवसांत गाव घेरलं. बसथांब्यावर, केशकर्तनालयात, औषधांच्या दुकानासमोर डॉक्टरांचा पुरस्कार घेतानाचा फोटो झळकला आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत: 'थोर संशोधक म्हणतात, यात काहीतरी आहे!' डॉक्टर वरवर चिडले. पण फोटो चांगला आला होता, हे त्यांनी मनाशी कबूल केलं.

चकती त्यांनी काढली नाही. डावा गुडघा त्या आठवड्यात ठणकत होता, तो चौथ्या दिवशी शांत झाला.

"बघितलंस?" ते बायकोला म्हणाले.

"अहो, तुमचा गुडघा पंधरा दिवस दुखतो नि पंधरा दिवस गप्प बसतो. वीस वर्षं बघतेय मी."

"तुला यातलं कळत नाही. थांब, एका पायावर उभी राहा."

कुकरची शिट्टी होईपर्यंत स्वयंपाकघरात प्रयोग चालला. डॉक्टरांनी स्वतः दाबलं. चकतीशिवाय बायको पडली, चकतीसह उभी राहिली. सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच.

"आता बोल!"

"मी काय बोलू? तुम्हीच पाडलंत, तुम्हीच उभं केलंत," ती म्हणाली आणि कुकर उतरवायला गेली. तिच्या तोंडून संपूर्ण उलगडा बाहेर पडला होता, पण ऐकणारा थोर संशोधक असल्यामुळे तो वाया गेला.

अकराव्या दिवशी दुपारी डॉक्टरांच्या ताईच्या शेजारणीचा फोन आला. ताई सकाळपासून उलट्या करत होती, आता नीट बोलतही नव्हती, तिला रुग्णालयात नेलं होतं. डॉक्टर पोचले तेव्हा ताईच्या दोन्ही हातांना सलाईन लागलं होतं. ओठ सुकून पांढरे पडले होते. साखर इतकी चढली होती की मशीनवर आकडाच उमटला नव्हता. ताई पंचाहत्तर वर्षांची, वीस वर्षं इन्सुलिनवर. गळ्यात एक नाही, तीन चकत्या.

"इन्सुलिन नऊ दिवस बंद आहे," अतिदक्षता विभागातली तरुण डॉक्टर म्हणाली. तिने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा त्यांच्या गळ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी ताईला जरा शुद्ध आली. "बाळ," ती पुटपुटली, "तूच म्हणालास ना, यात काहीतरी आहे?"

"ताई, मी इन्सुलिन थांबव असं कधी..."

"मला वाटलं, एवढा मोठा माणूस उगाच कशाला घालेल गळ्यात?"

लहानपणी ह्याच बहिणीने डॉक्टरांच्या शाळेच्या वह्यांना कव्हरं घातली होती. त्यांच्या प्रत्येक शोधनिबंधाची प्रत तिच्या कपाटात होती, एकही ओळ कळत नसताना.

दुसऱ्या दिवशी ताईला भेटायला कुलूपबाई आल्या. डॉक्टरांच्या प्रत्येक अभ्यासात बावीस वर्षं परिचारिका म्हणून राबलेल्या ह्या बाई. कोणत्या रुग्णाला खरं औषध मिळालं आणि कोणाला मिठाचं पाणी, याची यादी त्यांच्या कपाटात कुलूपबंद असे. एकदा खुद्द डॉक्टरांनी ती मागितली, तर "सर, तुम्हाला तर मुळीच नाही" असं सांगून त्यांनी किल्ली पदराला बांधली होती. तेव्हापासून हे नाव पडलं.

ताईला भेटून झाल्यावर त्या डॉक्टरांना व्हरांड्यात घेऊन गेल्या.

"सर, एक विचारू? तुमचा हात दाबला, तेव्हा चकती गळ्यात आहे की नाही, हे दाबणाऱ्याला ठाऊक होतं?"

बाई थांबल्या नाहीत.

"आणि वहिनी सांगत होत्या, घरीही दाबलंत. तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. हा प्रश्न डॉक्टरांनी स्वतः हजारभर विद्यार्थ्यांना घोकायला लावला होता. नापास होणाऱ्याला ते म्हणत, "तुम्ही दुसरा पेशा बघा."

बाईंनी आपल्या घरी दहा एकसारख्या कापडी पुड्या शिवल्या. पाचांत चकती, पाचांत तेवढ्याच वजनाचा नट-बोल्टचा लोखंडी वायसर. पुड्यांवर नुसते आकडे घातले, यादी स्वतःजवळ ठेवली आणि डॉक्टरांच्या घरी येऊन शेजारच्या खोलीत दार लावून घेतलं. डॉक्टरांच्या बायकोने एकेक पुडी गळ्यात अडकवली, डॉक्टरांनी दाबलं आणि आत चकती आहे की नाही ते लिहिलं. मग यादी उघडली. दहापैकी पाच बरोबर, पाच चूक. नाणं उडवलं असतं तरी एवढंच यश मिळालं असतं.

"आता सर, तुम्ही उभे राहा," बाई म्हणाल्या. "हा माझा चष्म्याचा डबा हातात धरा." त्यांनी डॉक्टरांचा पंजा दाबला. डॉक्टर हलले नाहीत. "आता डबा खाली ठेवा." पुन्हा दाबलं. डॉक्टर थेट सोफ्यावर कोसळले.

"चष्म्याच्या डब्यात विश्वाची लहर भरली आहे, सर."

"पुन्हा करा. हळू करा."

त्यांनी हळू करून दाखवलं. हात दाबताना जोर जरासा शरीराच्या बाहेरच्या बाजूला दिला, की माणसाचा तोल जातो. तोच जोर जरासा आत, त्याच्या पावलाच्या दिशेने दिला, की कितीही दाबा, सगळा भार पायातून जमिनीत उतरतो आणि माणूस ठाम उभा राहतो. फरक बोटभर दिशेचा. पाहणाऱ्याला दिसत नाही. विश्वास बसलेल्या माणसाच्या हाताला तर तो आपोआप जमतो, लबाडीसुद्धा करावी लागत नाही.

"म्हणजे स्वयंपाकघरात मी..."

"तुम्ही प्रामाणिकपणे फसवलंत," बायको म्हणाली. "बोलले होते मी."

पुढच्या रविवारी डॉक्टर पुन्हा सभागृहात गेले. लहरीबाबाने हात पसरून स्वागत केलं. "आले, आले आपले थोर..."

"दहा पुड्या आणल्यात," डॉक्टर म्हणाले. "चकती कशात आहे ते तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. तुम्हीच दाबा आणि ओळखा."

बाबाचं हसू तसूभरही ढळलं नाही. "डॉक्टरसाहेब, चकतीची परीक्षा घ्यायची नसते. संशयाच्या लहरी तिला मारतात."

"मागच्या वेळी मी संशयच घेऊन आलो होतो. तेव्हा बरी चालली ती!"

लोक हसले. बाबाला पुढे बोलायचं होतं, पण डॉक्टरांनी तोवर पहिल्या रांगेतल्या एका दांडग्या माणसाला वर बोलावलं होतं. त्याच्या हातात चष्म्याचा डबा देऊन त्यांनी त्याला उभं केलं, डबा काढून पाडलं आणि मग जोराची दिशा सगळ्यांना दाखवली. "जोड्या करा. स्वतः करून बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, मागच्या वेळी तुम्ही तीच चूक केलीत!"

आधी एक जोडपं उठलं, मग सगळी रांग. बघता बघता सभागृहभर माणसं एका पायावर उभी राहिली, कलंडू लागली, एकमेकांच्या अंगावर पडून हसू लागली. त्या गोंधळात लहरीबाबा मागच्या दाराने निघून गेला.

सगळेच हसले नाहीत. मागून एकजण संतापून ओरडला, "मग माझी कंबर दुखायची थांबली ती कशी?"

"थांबली याचा मला आनंद आहे," डॉक्टर म्हणाले. "माझा गुडघाही थांबला होता. काल पुन्हा सुरू झाला. दुखणं सर्वांत जास्त असतं तेव्हाच आपण असल्या ठिकाणी येतो आणि त्यानंतर ते बहुतेक वेळा आपोआप थोडं उतरतं. श्रेय मात्र गळ्यातल्याला मिळतं."

तो माणूस काही पटून खाली बसला नाही. पाय आपटत निघून गेला.

डॉक्टरांनी माइक हातात घेतला. "माझी बहीण पाच दिवस अतिदक्षता विभागात होती. मी तीन शब्द बोललो, म्हणून तिने इन्सुलिन बंद केलं. ती वाचली ती सुई, सलाईन आणि रात्रंदिवस जागणाऱ्या परिचारिकांमुळे. मला बाबाने फसवलं असं सांगितलं की बरं वाटतं. खरं हे आहे की मला माझ्या शहाणपणाने फसवलं. मला वाटलं, पुरस्कार मिळालेला माणूस चुकत नाही. तुम्हालाही तसंच वाटलं. तुमच्यात कुणी इन्सुलिन, रक्तदाबाची गोळी, फिटचं औषध बंद केलं असेल, तर आज घरी जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना गाठून ते पुन्हा सुरू करा. आणि डॉक्टर काय म्हणतात त्याचंही कारण विचारा. कुणी म्हणालं 'मला गुण आला', तर विचारा, किती जणांना आला, किती जणांना नाही, आणि मोजणाऱ्याला आधीच उत्तर ठाऊक होतं का. विचारण्याने श्रद्धा मोडत असेल तर मोडू द्या. माणूस वाचतो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पहिल्या रांगेत एक म्हातारी उठली, गळ्यातली चकती काढून तिने पिशवीत टाकली आणि मुलाला म्हणाली, "चल, वाटेत औषधाचं दुकान उघडं असेल."