हिरव्या कापडापुढे

मैत्रीचा एम.ए.चा प्रबंध अमेरिकन चित्रपटांवर होता. तिथल्या सिनेमांत गोऱ्यांखेरीज जी माणसं येतात, त्यांचा देवधर्म, घरं, खाणंपिणं कसं दाखवतात, हे तिला तपासायचं होतं. बेळगावहून शनिवारी निपाणीला घरी आली की ती लॅपटॉप मांडून बसायची आणि वहीत रकाने भरायची. कुणाला नाव आहे, कुणाला नाही. कोण बोलतं, कोण नुसतंच हात जोडून उभं असतं. मी शेजारी भाजी निवडत बसे. "आई, ही मेक्सिकोची बाई बघ, आता स्वयंपाकघरातनं बाहेर यायची न्हाय," असं ती आधीच सांगायची, आणि तसंच व्हायचं. मग आम्ही दोघी हसायचो.

त्या शनिवारी ती हसली नाही. चित्र थांबवून तिनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. पडद्यावर आत्ती होत्या.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, तानीबाई. चाळीस वर्षं तंबाखूच्या वखारीत राबलेल्या. लग्नाआधी, वडिलांच्या बरोबरीनं त्यांनी धम्मदीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञा त्यांना तोंडपाठ. देवदेवतांची पूजा करणार नाही हे तर त्यांनी साठ वर्षं असं सांभाळलं, की शेजारणीनं प्रेमानं अंगारा पुढं केला तरी दोन्ही हात मागं घेत आणि तिला वाईट वाटू नये म्हणून तिच्या नातवाची चौकशी करत. अक्षरओळख नाही, पण विहारात पौर्णिमेची वंदना त्याच सुरू करतात. त्यांचा पहिला शब्द आल्याशिवाय बायका तोंड उघडत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी एक अमेरिकन कंपनी जुन्या वखारीत शूटिंगला आली होती. बंगळूरचा एक कन्नड बोलणारा माणूस गल्लीत हिंडून म्हातारी माणसं बघत होता. आत्तींचा चेहरा त्याला आवडला. एका सकाळचं काम, वात लावलेलं ताट हातात धरून उभं राहायचं, एवढंच. आत्ती वंदनेची पांढरी साडी नेसून आल्या, ती दिग्दर्शक साहेबांना फार पसंत पडली. रंगवणारी मुलगी कुंकू लावायला आली तेव्हा आत्तींनी तिचा हात धरून बाजूला केला. ते मी कन्नडमधून त्या माणसाला समजावलं, त्यानं साहेबांना इंग्रजीत सांगितलं, आणि साहेब लगेच "ओके, ओके" म्हणाले. किती सभ्य माणसं, असं मला वाटलं.

समोर नुसतं मोठं हिरवं कापड ताणलेलं होतं. त्याच्यामागं काय आहे, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, "एनू इल्ला, अक्का." काहीच नाही. मी पुढं होऊन बघून आले. खरंच काही नव्हतं, वखारीची भिंत होती.

आत्ती घुटमळल्या. पुढं कुणी नसताना ताट कुणापुढं धरायचं, म्हणाल्या. तेव्हा मीच त्यांना सांगितलं, की मनात आपलं त्रिसरण म्हणा, पुढं बाबासाहेबांचा फोटो आहे असं समजा. मी रोज सकाळी पंचशील घेतल्याशिवाय चहाचं भांडं ठेवत नाही. सुचवलं ते मला चांगलंच वाटलं होतं. आत्तींनी डोळे मिटले, ओठ हलायला लागले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की दिवे धरणारी पोरंसुद्धा गप्प उभी राहिली. साहेबांनी तेवढ्या एकाच टेकमध्ये काम संपवलं.

आता पडद्यावर त्या हिरव्या कापडाच्या जागी देवी होती. दहा हातांची, जीभ बाहेर काढलेली, पायाशी बळी दिलेला बोकड. आत्तींच्या कपाळावर लालभडक कुंकू. त्यांचा आवाज पुसून ढोल आणि घंटा घातल्या होत्या. खाली इंग्रजीत अक्षरं आली: विधवा प्राचीन मंत्र पुटपुटते. अमेरिकेत वाढलेला नायक दारातनं हे बघतो आणि घाबरून मागं सरतो. सगळं मिळून अकरा सेकंद.

मैत्रीनं कंपनीला मेल केला. आठ दिवसांनी उत्तर आलं, त्याला आम्ही दिलेल्या संमतीचा कागद जोडलेला. आत्तींचा अंगठा, आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही. मी मराठी शाळेत शिकवते, इंग्रजी वाचता येतं. कागद मी वाचूनच सही केली होती. चित्रात लागतील ते बदल करता येतील, असं त्यात होतं. उजेड कमीजास्त करत असतील, असं मी समजले होते.

आत्तींपासून लपवायचं आमच्या मनात होतं. पण पिच्चर कधी येणार हे त्या महिन्यातून दोनदा तरी विचारायच्या, गल्लीतल्या सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं. मुसावादा, म्हणजे खोटं न बोलण्याचं शील, मी रोज घेते. तरी दोनदा मी विषय बदलला. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मैत्रीला म्हणाल्या, "आलाय न्हवं? लाव."

तिनं लावला. आत्तींनी अकरा सेकंद बघितले. पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांनी पडद्याला बोट लावलं, स्वतःच्या ओठांवर.

"हे बघ. मी त्रिसरणच म्हणतोय. दुसऱ्यांदाचं चाललंय हितं. दिसतंय न्हवं?"

दिसत होतं. त्रिसरण तीनदा म्हणतात, त्यातलं दुसऱ्या वेळचं 'दुतियम्पि' त्यांच्या ओठांवर होतं. ज्यांना ते येतं, त्यांना दिसत होतं.

"मैत्री, हे तुझ्या पुस्तकात लिव्ह."

मैत्रीनं त्यावर अख्खं पान लिहिलं. तिच्या मार्गदर्शक मॅडम वाईट नाहीत, पान त्यांनी दोनदा वाचलं म्हणे. पण ओठांवरनं काय म्हटलंय याला पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. आवाज नाही, मूळ चित्रफीत नाही, आणि सांगणारी घरची माणसं. बाहेरचे परीक्षक तेवढंच धरून बसतील. त्यापेक्षा चित्र घाल, विश्लेषण कर, आजीचं नाव नको. प्रबंधात आता 'एक अनाम वृद्ध स्त्री' आहे. घरी येऊन मैत्री म्हणाली, "सिनेमावाल्यांनी पण तिचं नाव पुसलं, आई. मी पण." मी तिच्या पुढ्यात ताट ठेवलं.

आत्तींनी विचारलं, हे पुसता येतं का. येत नाही म्हटल्यावर, किती जणांनी बघितलं असंल, हे विचारलं. मैत्रीला आकडा माहीत होता, तिनं सांगितला नाही.

मी विहारात भंतेजींना भेटून आले. चेतना, म्हणजे मनातला हेतू, शुद्ध होती, प्रतिज्ञा मोडलेली नाही, असं त्यांनी सांगितलं. मी ते शब्दाला शब्द आत्तींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि बोळक्या तोंडात चहात बुडवलेला बेकरीतला बटर घोळवत राहिल्या.

पौर्णिमेला आम्ही विहारात गेलो. मेणबत्त्या लागल्या, फुलं वाहून झाली. बायका आत्तींच्या पहिल्या शब्दाची वाट बघत बसल्या. आत्ती उठून मागच्या भिंतीला जाऊन टेकल्या.

शेजारच्या जयाबाई हसून म्हणाल्या, "काय आक्का, पिच्चरवाल्या झाल्यासा म्हणून आमच्यात बसत न्हाईसा व्हय?"

"जया, मी देवीपुढं ताट धरलंय. जगानं बघितलंय."

हसू थांबलं. मग मला सगळं सांगावं लागलं, हिरव्या कापडासकट. सांगून झाल्यावर जयाबाई म्हणाल्या, आक्का, आम्हास्नी तुम्ही ठाव हाईसा की. आणखी दोघी-तिघींनी तेच म्हटलं.

"तुम्हास्नी हाय ठाव," आत्ती म्हणाल्या. "त्यास्नी कुठं हाय? तिथं मी तशीच उभी हाय अजून. ताट घिऊन." आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पोरी, तू म्हण."

मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. त्या भिंतीकडनं हलल्या नाहीत. बायका थांबून होत्या, मेणबत्त्या वितळत होत्या. शेवटी मी पुढं जाऊन बसले आणि सुरुवात केली. माझा आवाज मुळात बारीक, वर्गात पोरंसुद्धा तक्रार करतात. तिसऱ्या ओळीतून कुणीतरी म्हणालं, ऐकू येत नाही. मी थांबले, घसा साफ केला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.